एक कान त्या मैदानावर

मे महिन्यातला तो रविवार होऊन बरेच दिवस लोटले, तरी आमच्या दारातल्या पायरीवर बसून सँडलचे पट्टे लावणारा एक मुलगा माझ्या मनातून जात नाही. बाहेर पाऊस धरून राहिला होता. २०२५ साली तो मे संपण्याआधीच आला होता आणि वळवासारखा तासभर पडून न जाता थेट आषाढासारखा कोसळत होता. आत माझा भाचा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता, त्याने फेकलेली उशी टीव्हीखाली पडली होती, आणि माझी बायको कुंद्याची, त्या आमच्या बेळगावी मिठाईची, वाटी हातात घेऊन त्या मुलाच्या मागे दारापर्यंत गेली होती. “एवढा कुंदा तरी खाऊन जा रे,” ती म्हणाली. “नको मामी, येतो,” एवढेच तो बोलला. डाळिंबी अंगाच्या, आकाशी बाह्यांच्या जर्सीवर त्याने रेनकोट चढवला, सायकलचे सीट तळहाताने पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटच्या दिशेने तो अंधारात दिसेनासा झाला. त्याला सांगण्यासारखे एक वाक्य माझ्याजवळ होते. ते मी सांगितले नाही.

त्या रात्री आपल्या साडेआठ वाजता इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगच्या शेवटच्या दिवसाच्या दहाही मॅचेस एकाच वेळी सुरू झाल्या. विजेतेपद लिव्हरपूलने आधीच नेले होते, खाली घसरणारे तीन संघही ठरून गेले होते. उरली होती ती पहिल्या पाचांतल्या जागांची, म्हणजे पुढच्या वर्षीच्या, युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची ओढाताण. माझा भाचा न्यूकॅसलचा. मार्चमध्ये त्यांनी लीग कप जिंकला, तोही सत्तर वर्षांनी देशातला पहिला मोठा करंडक म्हणून, तेव्हापासून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांखेरीज त्याला दुसरे काही सुचत नव्हते. त्याचा हा मित्र ॲस्टन व्हिलाचा. आणि मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मँचेस्टर युनायटेडचा, ज्यांचा हंगाम चारच दिवस आधी बिल्बाओमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात हरून संपला होता आणि जे तक्त्यात पंधराव्या जागेवर येऊन थांबणार होते. न्यूकॅसल घरच्या मैदानावर एव्हर्टनशी खेळत होते, ती मॅच टीव्हीवर. व्हिला आमच्या, म्हणजे युनायटेडच्या, ओल्ड ट्रॅफर्डवर आले होते, ती मॅच मोबाइलवर. मोबाइल टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. दोन्ही मुलांच्या संघांचे गुण सुरुवातीला सारखेच होते, सहासष्ट. एकाच सोफ्यावर दोघे बसले होते आणि मध्ये ती उशी होती.

अशा रात्री माणसाचे डोळे एका मैदानावर असतात आणि कान दुसऱ्या. भाचा टीव्हीकडे पाहत होता, पण मोबाइलमधून गर्दीचा आवाज जरा चढला की त्याची मान वळायची. मित्र मोबाइलवर वाकलेला होता, पण टीव्हीवरच्या समालोचकाचा स्वर बदलला की त्याच्या खांद्यांना ते आधी कळायचे. मोबाइलवरचे चित्र टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट मागे होते, त्यामुळे दुसरीकडे काय घडले ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून आधी समजायचे आणि घडताना नंतर दिसायचे. पूर्वार्ध संपता संपता व्हिलाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ याला लाल कार्ड मिळाले. उत्तरार्धात एव्हर्टनने गोल केला आणि भाच्याचा चेहरा पडला. आता व्हिलाला नुसती बरोबरी पुरणार होती. दहा खेळाडूंनिशी त्यांना ती पंचवीस मिनिटे धरून ठेवायची होती. त्या मुलाने दोन्ही पाय सोफ्यावर घेतले आणि गुडघ्यांना मिठी मारली.

त्र्याहत्तराव्या मिनिटाला मॉर्गन रॉजर्सने युनायटेडच्या गोलकीपरजवळून चेंडू काढून घेतला आणि रिकाम्या जाळ्यात ढकलला. चेंडू रेषेच्या आत जाण्याच्या क्षणभर आधी रेफ्रीची शिट्टी वाजली होती. त्यांना वाटले, चेंडू कीपरच्या हातांत पूर्ण होता आणि रॉजर्सने तो लाथेने उडवला. पुन्हा दाखवले तेव्हा आम्हां सगळ्यांना दिसले की चेंडू कीपरच्या ताब्यात नव्हताच. पण शिट्टी आधी वाजलेली असल्यामुळे व्हिडिओ पाहून निर्णय फिरवण्याचीही सोय उरली नव्हती. शिट्टीचा निर्णय कायम राहिला. तीन मिनिटांनी अमाद डियालोने हेडरने गोल केला, पुढे एरिक्सनने पेनल्टीवर दुसरा घातला, आणि तिकडे न्यूकॅसल हरूनही पाचव्या जागेवर राहिले, कारण गुण सारखे असले तरी त्यांचा गोलफरक मोठा होता. माझ्या संघाच्या गोलावर माझा भाचा उड्या मारत होता. त्या सबंध वर्षात युनायटेडचा गोल पहिल्यांदाच कोणाच्या तरी खऱ्या उपयोगी पडला होता, आणि मलाही आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्या शिट्टीनंतरच्या तीन मिनिटांत तो मुलगा एकदा माझ्याकडे वळून पाहत होता. घरातला मोठा माणूस मी. खरे काय ते मी बोलावे, एवढीच त्याची अपेक्षा असावी. आणि मी भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसलो.

खोलीत कोणीच काही बोलले नाही.

कुंद्याची ती वाटी परत आत जाताना मला तेरा वर्षांपूर्वीचा एक डबा आठवला. १३ मे २०१२, तोही रविवार, तोही शेवटचा दिवस. शहापुरात एका मित्राच्या माडीवर आम्ही सात-आठ जण जमलो होतो. मँचेस्टरचे दोन्ही संघ समान गुणांवर होते; सिटीचा गोलफरक आमच्यापेक्षा आठने जास्त, म्हणजे ते घरी क्वीन्स पार्क रेंजर्सला हरवू शकले नाहीत आणि आम्ही संडरलंडला जिंकलो तरच करंडक आमचा. मित्राने दुपारीच खडेबाजारातून किलोभर कुंदा आणून ठेवला होता. मॅचच्या आधी मिठाई आणू नये, असे त्याची आजी जिन्यातून तीनदा सांगून गेली होती. वाऱ्याने खिडक्या आपटत होत्या, गच्चीवर वाळत घातलेले पापड गोळा करायला खालची मंडळी धावत होती, आणि मातीचा तो पहिला वास खोलीत शिरला होता. रूनीने विसाव्या मिनिटाला गोल केला. सिटी एक-दोनने मागे पडली, तेही समोरचा संघ दहा जणांवर आलेला असताना. नव्वद मिनिटे होत आली आणि लाईट गेली.

अंधारात काही क्षण कोणीच हलले नाही. मग मित्राच्या पुण्यातल्या भावाचा फोन आला. तो ओरडून सांगत होता की आपली मॅच संपलीच समज, आपण जिंकलो, सिटी अजून एक-दोनच आहे, आता काय राहिले! पुढचे ऐकून घेण्याइतका धीर आमच्यात नव्हता. कोणीतरी डब्याचे झाकण उघडले, अंधारात हात एकमेकांवर आपटले, आणि तो दाणेदार, तुपाने किंचित ओलसर कुंदा आम्ही मूठ-मूठ तोंडात घातला. मला त्याची चव आजही आठवते. खरपूस दुधाची, जराशी कडवटपणाकडे झुकलेली. एक जण जिन्यात जाऊन आजीला हाका मारू लागला. चार-पाच मिनिटांनी लाईट आली. जुना टीव्ही उजळायला वेळ लावायचा. आधी आवाज आला, मग चित्र. आवाज आला तेव्हाच आम्हांला काहीतरी कळले. मग दिसले की आकाशी जर्सीतला एक माणूस आपला शर्ट काढून हवेत गरगर फिरवत धावतो आहे. जादा वेळेत झेकोने एक आणि अग्वेरोने एक, दोन गोल झाले होते, दुसरा ९३ मिनिटे २० सेकंदांना. तोंडातला घास गिळवतही नव्हता आणि थुंकवतही नव्हता. मी तो तसाच धरून गच्चीवर गेलो आणि पावसात उभा राहिलो. माझ्यामागे कोणी आले नाही. ज्याचा त्याचा घास ज्याच्या त्याच्या तोंडात होता.

त्या दिवशी संडरलंडच्या मैदानावर आमचे खेळाडूही असेच उभे होते. मॅच संपली होती, ते जिंकले होते, आणि दुसऱ्या शहरातली बातमी येईपर्यंत त्यांना हसता येत नव्हते की रडता येत नव्हते. स्टँडमधल्या प्रेक्षकांच्या आवाजावरून त्यांना कळले. शेवटच्या दिवसाची ही रीत मला अजूनही हळवी करून सोडते. अडतीस सामने खेळून झाल्यावर, आपले सगळे काम चोख केल्यावर, निकाल मात्र आपण नसलेल्या मैदानावरून येतो. २०२३ साली लेस्टर आपली शेवटची मॅच जिंकले. त्याच्या सात वर्षे आधी हेच लेस्टर इंग्लंडचे विजेते होते. पण तिकडे एव्हर्टनने बोर्नमथला एक-शून्यने हरवले आणि जिंकलेले लेस्टर खालच्या लीगमध्ये गेले. त्या प्रेक्षकांनी आपल्या विजयावर टाळ्या वाजवल्या असतील की नाही, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

सगळ्या मॅचेस एकाच वेळी का, हे भाच्याने मला त्याच संध्याकाळी विचारले होते, आणि मी त्याला १९८२ च्या वर्ल्ड कपची गोष्ट सांगितली होती. अल्जीरियाने पहिल्याच सामन्यात पश्चिम जर्मनीला हरवले होते आणि त्यांचा गटातला शेवटचा सामना एक दिवस आधी होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी हिहोन शहरात जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले तेव्हा दोघांनाही ठाऊक होते की जर्मनी एक-शून्यने जिंकली तर दोघेही पुढे जातात. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेली ऐंशी मिनिटे ते चेंडू इकडून तिकडे फिरवत राहिले. अल्जीरियाचे प्रेक्षक स्टँडमधून नोटा फडकवत होते. पुढच्या वर्ल्ड कपपासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. हे सांगताना माझा आवाज न्याय सांगणाऱ्या माणसासारखा झाला होता. दोन तासांनी त्याच खोलीत मी गप्प बसलो.

एक कान दुसरीकडे ठेवण्याची सवय आमच्या घरात फुटबॉलच्याही आधीची आहे. माझे वडील रात्री जेवताना आकाशवाणीच्या बातम्या लावून ठेवत. आईशी बोलणे चालू असे, भाकरी मोडणे चालू असे, पण बातमीत ‘सीमा’ हा शब्द आला की त्यांचा घास हातातच थांबे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला तेव्हा ते विशीत होते. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. निकाल दिल्लीत लागणार, मुंबई आणि बेंगळुरूत त्यावर बोलले जाणार, आणि बेळगावात आपण रेडिओजवळ. ते गेले तेव्हा तो रेडिओ मी जपून ठेवला. त्यावर आता काही लागत नाही.

फुटबॉलच्या बाबतीतही आमचे गाव असेच मधोमध आहे. खेळ आम्हांला लष्कराने आणि मिशनच्या शाळांनी दिला. कॅम्पातल्या झाडांखालून सायकलवर जाताना मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान खेळताना दिसायचे, आणि सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडी स्पर्धेच्या दिवसांत शाळा सुटली की आम्ही घरी जायचे विसरायचो. पण मोठ्या तक्त्यात बेळगावचा म्हणून संघ नाही. उत्तरेला कोल्हापूर, चोर्ला घाट उतरला की गोवा, खाली बेंगळुरू. २०२० साली आम्ही तिघे चोर्ल्यातून फातोर्ड्याला गेलो होतो. एफसी गोवाने इंडियन सुपर लीगच्या साखळीतले अठरा सामने संपवून ३९ गुणांनी पहिली जागा मिळवली होती. शेवटच्या सामन्यात जमशेदपूरला पाच-शून्यने हरवून लीग शील्ड घेतली होती. मग आली उपांत्य फेरी. चेन्नईत चार-एकने हरलेला गोवा ७ मार्चला घरी चार-दोनने जिंकला आणि एकूण सहा-पाचने बाहेर पडला. परतताना घाटात धुके होते, गाडीत कोणी बोलत नव्हते. आठवड्याने त्याच फातोर्ड्यावर दुसऱ्याच दोन संघांचा अंतिम सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला, कारण तोवर करोना आला होता. सबंध हंगामाचा तक्ता हाच खरा हिशेब, असे माझे त्या दिवसापासूनचे मत आहे. एका रात्रीच्या करंडकापेक्षा मला तो शेवटचा साखळी सामना मोठा वाटतो.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. माझ्या आईचे माहेर तिथले. लहानपणी मामाच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून मी शाहू स्टेडियमला जात असे. मामा पाटाकडील तालमीच्या संघाचा, समोर दिलबहार असो, खंडोबा असो की बालगोपाल, मॅच संपेपर्यंत तो शेजाऱ्याशीही बोलत नसे. जिंकले की गुलालाने भरलेली मिरवणूक तालमीपर्यंत. हरले की मामा मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसे, आणि तिथे आधीच वीस-पंचवीस माणसे बसलेली असत. कोणी चहा मागवी. तासाभराने एखादा म्हणे, “तो ऑफसाइड नव्हताच.” बाकीचे माना डोलवत. आणखी काही वेळाने दुसरा तेच म्हणे, आणि सगळे पुन्हा माना डोलवत. आठ-नऊ वर्षांच्या मला ते कंटाळवाणे वाटायचे. ती माणसे एकमेकांना काय देत होती, हे मला फार उशिरा कळले.

त्या मुलाला असा कट्टा कुठला मिळणार! साऱ्या टिळकवाडीत व्हिलाचा तो एकटा. व्हिलाकडे तो कसा गेला हे मला ठाऊक आहे, कारण मी तेव्हा तिथेच होतो. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री गल्लीत पडदा लावून अर्जेंटिना आणि फ्रान्सचा अंतिम सामना दाखवला होता. जादा वेळेच्याही अखेरीला, तीन-तीन बरोबरी असताना, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला आणि अर्जेंटिनाच्या जाळ्यापुढे उभ्या असलेल्या मार्टिनेझने डावा पाय लांब टाकून तो चेंडू अडवला. सगळे मेस्सीसाठी ओरडत होते. हा मुलगा तेव्हा शाळेच्या संघात नुकताच गोलकीपर झाला होता; बाकीची मुले गोल करायला मागत आणि याला जाळ्यापुढे उभे करत. त्याने पडद्याजवळ जाऊन ती अडवणूक पुन्हा दाखवली जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःचा डावा पाय तसाच लांब टाकून पाहिला, थंडीत, डांबरी रस्त्यावर, तीन वेळा. मार्टिनेझ ज्या क्लबात खेळतो तो आपला, हे त्याने त्या रात्री ठरवले. त्याच मार्टिनेझला त्या मे महिन्यातल्या रविवारी लाल कार्ड घेऊन मान खाली घालून मैदानाबाहेर जाताना त्याने पाहिले होते, आणि तरीही तो पाय वर घेऊन बसून राहिला होता, कारण बरोबरी पुरणार होती.

जूनच्या अखेरीस एका सकाळी मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला गेलो. रात्रभर पडून पाऊस जरा ओसरला होता. निलगिरीच्या पानांतून थेंब गळत होते आणि मैदानाच्या मधल्या भागात तांबडे पाणी साचले होते. मुलांची मॅच चालू होती. दप्तरांची गोलपोस्ट, आणि तिच्यात तो उभा होता. अंगात साधा बनियन, हातांत मात्र हातमोजे, एका हातमोज्याचा अंगठा उसवून पुन्हा शिवलेला. भाचा त्याच्याच बाजूने पुढे कुठेतरी खेळत होता; त्यांच्यात काही तुटले नव्हते. मी मैदानाला वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. खेळ समोरच्या टोकाला होता. काय बोलावे याची मी महिनाभर मनात जुळवाजुळव केली होती आणि त्यातले काहीच मला आठवेना.

“तो गोल होता,” मी म्हणालो.

कुठला गोल, हे त्याने विचारले नाही. मागे वळूनही पाहिले नाही. “होता की, मामा,” तो म्हणाला. मग थोडे थांबून, “चेंडू त्याच्या हातात नव्हताच.”

“नव्हताच,” मी म्हणालो.

समोरून चेंडू परत यायला लागला होता. तो दोन पावले पुढे सरकला, चिखलात टाच रुतवून पाहिली, हातमोजे एकमेकांवर आपटले तसे तांबडे पाणी माझ्या शर्टावर उडाले. मी तिथेच, दप्तरांच्या मागे उभा राहिलो.